फायबर ठेवलं, ओटीटीचा पॅक काढला

पुण्यात कर्वेनगरात आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर इंटरनेट गेल्या पावसाळ्यापासून घरात आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं गाऱ्हाणं आहे आणि माणूस रोज भाजी घेताना भेटतो. निकाल आधीच सांगते: लाइन चांगली, वसुली चोख, पोरं कामाला बरी, आणि सोबत गळ्यात मारलेला ओटीटीचा (म्हणजे इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या अ‍ॅपचा) पॅक बिनकामाचा.

मी घरी शिवणकाम करते. मशीनसमोर टीव्ही असतो, पण बघते कमी आणि ऐकते जास्त. त्यामुळे फोर-केचं मला कौतुक नाही. मात्र ऐन संवादात चक्र फिरायला लागलं की डोकं फिरतं. कनेक्शन देताना पोरगा म्हणाला, "काकू, तीनशेचाच घ्या, शंभर पुरणार नाही." (हा वेग, एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट.) पुरतं हो. फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ हे नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं. हॉलमध्ये मालिका, आतल्या खोलीत लेकाची ऑफिसची मीटिंग, माझ्या मोबाइलवर गिऱ्हाइकांचे ब्लाउजचे फोटो, एवढं सगळं धरूनही शंभर संपत नाहीत. फक्त तो आकडा बिटचा असतो आणि आठ बिटांचा एक बाइट, हे लक्षात ठेवा. फाइल उतरवताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर काही मिळायचं नाही.

खरी मेख राउटरच्या जागेत आहे. या पोरांना वायर वाचवायची असते, म्हणून राउटर दाराशी, चपलांच्या कपाटावर. आमची बिल्डिंग जुनी, भिंती जाड. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान खरं, पण दोन भिंती ओलांडेपर्यंत त्याचा जीव जातो, अडीचवालं (म्हणजे २.४) पोचतं, पण अख्ख्या बिल्डिंगचे राउटर त्याच गर्दीत. राउटरपासून थेट टीव्हीला लॅनची वायर टाक म्हटलं तर "आता वायर कोण टाकतं काकू!" शेवटी यांनी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून वायर आणली, भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या क्लिपा मारून टीव्हीपर्यंत नेली, आणि चक्र थांबलं ते थांबलंच. महागडा प्लॅन घेण्याआधी हे करून बघा.

या लाइनीने घरात सगळ्यात जास्त कोण बदललं असेल तर आमच्या सासूबाई. अँटेना सिंहगडाच्या मनोऱ्याकडे वळवण्यापासून त्यांनी टीव्ही बघितलाय. पुढे केबल आली, मग २०१३ मध्ये पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि २०१९ मध्ये ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने चॅनेल निवडायचा कागद हातात आला. तो कागद त्यांनी वाणसामानाच्या यादीसारखा भरला होता. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट हलली नव्हती: संध्याकाळी सातनंतर कुकर लावायचा नाही, शिटीत संवाद ऐकू येत नाहीत. आता काही अ‍ॅपवर पैसे भरले की रात्रीचा भाग टीव्हीच्या आधीच बघायला मिळतो. अहो आई सकाळी चहाबरोबर तो उरकतात आणि दुपारी भजनी मंडळात जातात. तिथे बाकीच्यांची केबल. "आज ती घर सोडून जाते बरं का," एवढंच बोलतात आणि टाळ उचलतात. मंडळात दोघींनी अबोला धरलाय म्हणे.

क्रिकेटचं बरोबर उलटं. केबलवर एकच सिग्नल सगळ्यांकडे एकदम जातो. अ‍ॅपवर तीच मॅच काही काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून प्रत्येक घराला वेगळी धाडतात, आणि पुढचे तुकडे साठल्याशिवाय प्लेअर आधीचा दाखवत नाही. त्यामुळे विकेट पडल्याचं आम्हाला वरच्या मजल्यावरून कळतं. वेग कितीही वाढवा, हे फारसं सुधारत नाही, म्हणून यांनी केबलचा जुना डबा काढू दिला नाही. त्याचे पैसे वेगळे जातात, हा यांचा शौक.

आता ओटीटीचा पॅक. जाहिरातीत अ‍ॅपची रांग दिसते, पण निम्मी आमच्या घरात कुणाला न येणाऱ्या भाषांमधली. दोन कामाची होती, त्यातलं एक फक्त मोबाइलवर चालणारं निघालं. टीव्हीवर लॉगिन मागितलं की ओटीपी यांच्या नंबरवर, आणि हे हिंजवडीत मीटिंगमध्ये. सासूबाईंना हवं असलेलं अ‍ॅप तर त्यात नव्हतंच, ते आम्ही वेगळे पैसे भरून घेतलं.

दुरुस्तीबद्दल: गणपतीच्या आधी लोंबत्या वायरी कापल्या त्यात आमचीही गेली, फायबरच्या डब्यावर लाल दिवा. रविवार होता, फोन कुणी उचलला नाही. सोमवारी पोरगा आला आणि जिन्यातच बसून काम केलं. केसाएवढी काच सोलली, स्पिरिटने पुसली, टोक सरळ कापलं, दोन टोकं छोट्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती जाड दिसतात, मग एक ठिणगी, आणि जोड कुठे होता ते सापडत नाही. वर नळीचं आवरण, तेही तापवून आवळलं. सुई-दोऱ्यात जन्म गेलेल्या बाईने मान डोलवावी असं काम. रविवारचा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला निम्मा अजून आहे, कारण तक्रारीला नंबर एकच आणि तो मालकाच्या खिशात.

गुरुवारी, म्हणजे इथल्या विजेच्या दुरुस्तीच्या वारी, वीज गेली की फायबरचा डबा बंद पडतो. एक लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या रस्त्यावरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे घरच्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की काम भागतं. तो त्यांच्याकडून घेऊ नका, बाहेर स्वस्त मिळतो.

प्लॅन ४९९ चा म्हणून सांगतात, १८ टक्के जीएसटी धरून ५८९ होतात. पॅक काढल्यावर त्यातही कमी झाले, पण ते मी विचारल्यावर. आपणहून कुणी सांगितलं नाही. सहा महिन्यांचे एकदम भरणार असाल तर पावती जागेवरच मागा, नंतर "व्हॉट्सअ‍ॅप करतो काकू" होतं.