७० मिलिमीटरची दुर्बीण : ऐकलेला गुरू आणि पाहिलेला गुरू

गुरूला चार मोठे चंद्र आहेत हे मला शाळेपासून ठाऊक होते, पण ते कोणीतरी सांगितलेले होते. ऐकीव ज्ञान स्वतःच्या डोळ्यांनी पडताळले की त्यात नेमका काय फरक पडतो, हे पाहण्यासाठीच मी ७० मिलिमीटर वस्तुभिंगाची, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाची, ही दुर्बीण घेतली.

सोबतच्या २५ आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकांतून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगांतून, अनुक्रमे २८ आणि ७० पट मोठे दिसते. भिंग उत्तम आहे. तरीही पहिल्या रात्री मला गुरूच्या जागी थरथरणारा पांढरा डाग आणि जेमतेम दोन चंद्र दिसले. डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात, फोकसची चकती केसभरच फिरवावी लागते, आणि तिपाईची थरथर थांबेपर्यंत हात बाजूला घेऊन वाट पाहावी लागते. चौथ्या रात्री चार ठिपके सुईच्या टोकासारखे एका रेषेत उमटले आणि ग्रहाला खेटून असलेला आयो हा चंद्र तासाभरात त्याच्या तेजात मिसळून दिसेनासा झाला. त्याची प्रदक्षिणा सुमारे साडेबेचाळीस तासांची असते हे मी वाचले होते. तो वेग मात्र त्या तासाभरात मला प्रथमच जाणवला.

तरीही नुसत्या पाहण्यावर भिस्त ठेवता येत नाही. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओला गुरूजवळचे ठिपके आधी स्थिर तारेच वाटले होते. पुढच्या रात्रींच्या नोंदींमुळे ते गुरूभोवती फिरतात हे त्याच्या ध्यानात आले. त्याच वर्षी शनी त्याला तीन गोलांचा दिसला, आणि त्याभोवती कडे असल्याचे डच खगोलज्ञ हायगेन्सने १६५९ मध्ये प्रसिद्ध केले. न्यायदर्शन हे भारतीय तर्कशास्त्रही प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी मिळालेले, ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे न फसवणारे, असावे अशी अट घालते. मला ते कडे पहिल्याच नजरेत ओळखता आले. पण ते डोळ्यांमुळे की आधी पाहिलेल्या चित्रांमुळे, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

तिपाई फारच हलकी आहे, आणि हा दोष नवख्याचा उत्साह मोडू शकतो. मी तिला वाळूची पिशवी टांगल्यावर बराच फरक पडला. चार-सहा रात्री चिकाटीने बसण्याची तयारी असेल तर ही दुर्बीण जरूर घ्यावी. सुरुवात २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने करावी आणि दिसलेले ठिपके त्याच वेळी वहीत काढावेत, कारण सकाळी पुस्तक उघडले की ते पुस्तकातल्याच जागी पाहिल्यासारखे आठवू लागतात.