श्रेडओएस: जुनी हार्ड डिस्क पुसण्याचे भरवशाचे साधन
फाइल डिलीट केली किंवा डिस्कचे झटपट फॉरमॅटिंग केले, तरी आधारची प्रत, बँकेची कागदपत्रे आणि घरची छायाचित्रे डिस्कवर बहुधा तशीच राहतात व रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकतात. म्हणून जुना संगणक विकण्यापूर्वी श्रेडओएस हे मोफत साधन वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि त्यातील एनवाइप हा प्रोग्रॅम संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहून जुनी माहिती नष्ट करतो. डीबॅन या डिस्क पुसण्याच्या प्रसिद्ध साधनाची शेवटची आवृत्ती २०१५ची असून ते युईएफआय (नव्या संगणकांतील, जुन्या बायोसच्या जागी आलेली सुरुवातीची यंत्रणा) पद्धतीने सुरू होत नाही. श्रेडओएस मात्र तसे सुरू होते, हा मोठाच फायदा. संगणकतज्ज्ञ पीटर गुटमन यांची १९९६ची ३५ फेऱ्यांची (म्हणजे डिस्कवर ३५ वेळा लिहिण्याची) पद्धतही यात आहे, परंतु आजच्या चुंबकीय डिस्कला पडताळणीसह एक फेरी पुरते. पडदा निव्वळ अक्षरांचा आहे, नवख्याला तो अवघड वाटेल. चुकीची डिस्क निवडली गेल्यास माहिती परत मिळत नाही, त्यामुळे मॉडेल व अनुक्रमांक ताडून पाहावा, शक्यतो इतर डिस्क काढूनच ठेवाव्यात. एसएसडीच्या (चुंबकीय तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या) राखीव भागापर्यंत मात्र हे लेखन पोहोचेलच असे नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सिक्युअर इरेजची (डिस्कने स्वतःच सगळी माहिती पुसण्याची) सोय वापरावी.