फिका पडलेला डॅशबोर्ड आणि साडेचारशे रुपयांची बाटली: दहा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात गाडीच्या समोरच्या काचेवर आतून लावायच्या सनशेडचा उजवीकडचा सक्शन कपही निखळला आणि दिवाळीपासून पुढे ढकललेले हे लिखाण अखेर हाती घेतले. डावीकडचा कप एप्रिलमध्येच गेला होता. तेव्हा मी पुष्कळ चिडलो होतो. आज मात्र कबूल करावे लागते की तो निखळला नसता, तर डॅशबोर्डला लावायच्या द्रवाच्या या बाटलीविषयी मी अगदी वेगळे आणि बहुधा चुकीचे लिहिले असते.

गाडी 2016 ची हॅचबॅक आहे आणि डॅशबोर्ड गडद करड्या रंगाच्या कडक प्लास्टिकचा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी डाइंग, म्हणजे सूत रंगवण्याच्या, विभागात काम करतो. तेथील शेडमध्ये फक्त दुचाक्या मावतात, त्यामुळे गाडी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर उभी असते. काचेलगतचा भाग राखेसारखा पांढरट झाला होता, बोट फिरवले की बोटाला बारीक भुकटी लागत असे आणि एसीच्या मधल्या जाळीजवळ दोन बोटे लांबीची चीर पडली होती. तरीही रंग नेमका किती उतरला आहे, हे मला टेप सुटून सिद्धरामेश्वरांची छोटी पितळी मूर्ती बाजूला सरकली तेव्हाच कळले. मूर्तीच्या जागी दहा रुपयांच्या नाण्याएवढे एक गडद वर्तुळ होते, गाडी शोरूममधून आणली त्या दिवशीच्या रंगाचे. रंगकामात आयुष्य गेलेल्या माणसाला रंगछटा पडताळायला याहून चांगले शेड कार्ड मिळणार नाही.

बाटलीकडे वळण्याआधी एक चूक झाली, ती सांगणे भाग आहे. फेब्रुवारीत शहरातील एका डिटेलिंगवाल्याकडे (गाड्या आतून-बाहेरून चकाचक करून देणाऱ्याकडे) ‘डॅशबोर्ड रिस्टोरेशन’ या नावाखाली मी 1,800 रुपये दिले. गाडी परत मिळाली तेव्हा डॅशबोर्ड काळाभोर आणि तुकतुकीत झालेला होता आणि मी खुशीत घरी आलो. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मोहोळकडे जाताना उन्हात संपूर्ण डॅशबोर्डचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडले आणि ट्रकच्या मागचे दिवे त्या पांढऱ्या झाकेत दिसेनासे झाले. आठवडाभरात त्या चिकटपणावर धुळीचा थर बसला आणि तिसऱ्या आठवड्यात जुना पांढरटपणा पुन्हा वर आला. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा मालकांनी शांतपणे सांगितले, “साहेब, गाडी उन्हात लावत जाऊ नका.” सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हा सल्ला द्यायला धाडस लागते. पैसे परत मिळाले नाहीत.

खरे तर यात माझीच फसगत व्हायला नको होती. ओल्या सुताचा रंग पाहून रंगछटा पास करायची नाही, हे आमच्या विभागात नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगितले जाते, कारण ओले सूत नेहमी गडद दिसते. उन्हाने प्लास्टिकचा वरचा थर झिजून खडबडीत होतो, त्यात मिसळलेली भरावाची पूड उघडी पडते आणि त्या सूक्ष्म खाचांमधून प्रकाश विखुरल्यामुळे पृष्ठभाग पांढरट दिसतो. सिलिकॉनचे पॉलिश त्या खाचा भरून काढते, म्हणजे एका अर्थाने डॅशबोर्ड ओला करून ठेवते. गेलेला रंग त्याने परत येत नाही.

होळीनंतर मी ही पाण्यावर आधारित, चमक न आणणारी बाटली (250 मिली, 449 रुपये) आणि 350 रुपयांची चंदेरी सनशेड एकदमच मागवली. आधीचा चिकटपणा काढण्यासाठी सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश वापरून तीन वेळा पुसावे लागले आणि एक अख्खा रविवार त्यात गेला. बाटलीतील द्रव थेट डॅशबोर्डवर फवारू नये, कारण तो जाळ्यांत आणि बटणांत शिरतो. कापडावर घेऊन पातळ हात फिरवावा आणि दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घ्यावा. येथे एक नामुष्कीची गोष्ट नमूद करतो. पुसण्यासाठी मी अभिमानाने आमच्याच कारखान्याचा टेरी टॉवेल घेतला आणि त्याची लूप खडबडीत प्लास्टिकला अडकून सगळीकडे पांढरे तंतू चिकटले. शेवटी मायक्रोफायबरचे कापड विकत आणावे लागले.

परिणाम उत्तम दिसला. रंग त्या वर्तुळाच्या पुष्कळ जवळ आला, काचेवर प्रतिबिंब नाही, हाताला चिकटपणा नाही आणि धूळ एका फटक्यात निघते. एप्रिलच्या सुरुवातीला लिहिले असते, तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मात्र बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘यूव्ही संरक्षण’ असे लिहिले आहे आणि तेथे माझ्या मनात शंका होती. गाडीची समोरची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक थर असते आणि तो थर अतिनील किरणांचा बहुतांश भाग मुळातच अडवतो. दारांच्या काचा साध्या टफन्ड असतात, त्यांतून लांब तरंगलांबीचे अतिनील किरण बरेच आत येतात, पण माझ्या डॅशबोर्डचा सर्वांत खराब भाग समोरच्या काचेखालचाच होता. म्हणजे काचेतून पार होणारा उरलासुरला अतिनील आणि दिसणारा प्रकाश, त्याच्या जोडीला प्रचंड उष्णता, हे मिळून काम करत असणार. निव्वळ उष्णता म्हणावी तर पितळी मूर्तीखालचा भागही तापतच होता. तरी तेथील रंग टिकला, कारण तेथे उजेड पोहोचत नव्हता.

आमच्याकडे रंगाचा उन्हातील पक्केपणा तपासताना नमुन्याचा अर्धा भाग झाकतात, बाजूला निळ्या लोकरीच्या 1 ते 8 क्रमांकांच्या पट्ट्या ठेवतात आणि झेनॉन दिव्याखाली कोणती पट्टी कधी उतरते ते पाहतात. तीच रीत मी घरगुती पद्धतीने वापरली. डॅशबोर्डच्या मध्यभागी पोस्टकार्डाएवढे दोन चौकोन आखले. एक फक्त साबणाने स्वच्छ केला आणि त्यावर बाटलीतील औषध अजिबात लावले नाही, दुसऱ्यावर काळा जाड पुठ्ठा कायमचा ठेवला. बाकी सर्व डॅशबोर्डवर दर तीन आठवड्यांनी बाटलीतील द्रव लावत राहिलो.

आणि मग तो सक्शन कप. त्याच्याविषयी मी गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे, कारण घरात हे ऐकून घेणारे आता कोणी उरलेले नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात डावा कप रोज दुपारी सुटू लागला. पाणी लावून पाहिले, काच स्पिरिटने पुसून पाहिली, कप गरम पाण्यात बुडवून पाहिला. सकाळी पक्का बसे आणि संध्याकाळी सनशेडचा डावा कोपरा मान टाकून पडलेला असे. विक्रेत्याने कळवले की सक्शन कप वॉरंटीत येत नाही. उन्हात काचेला चिकटवून ठेवणे हे ज्याचे एकमेव काम, तो भाग उन्हाने खराब झाल्यास वॉरंटीत नाही, या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कप नखाने दाबून पाहिला तेव्हा कारण कळले. असे कप बहुधा मऊ पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जाते, कप कडक होतो आणि काचेवर नीट बसेनासा होतो. प्लास्टिकमधून उडालेले असे द्रव्य काचेच्या आतील बाजूस धुरकट थर होऊन बसते आणि दर पंधरा दिवसांनी तो पुसावा लागतो. संरक्षणासाठी आणलेल्या वस्तूलाच उन्हाचा रोग जडावा, याचा मला जो राग आला तो 350 रुपयांच्या मानाने फार मोठा होता, हे मला समजते.

त्या रागापोटी मी नवा कप घेतला नाही आणि डाव्या टोकाचा त्रिकोणी तुकडा दिवाळीपर्यंत उघडाच राहिला. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिरप्या काचेतून ऊन सरळ डॅशबोर्डवर उतरते. त्या आठवड्यात कारखान्यातील ड्रायरसाठी असलेली, लांबूनच तापमान मोजणारी गन मागून घेऊन मी दुपारी अडीच वाजता मोजमाप केले. बाहेर 42 अंश, उघडा कोपरा 79, शेडखालचा मध्य 54. दुसऱ्या दिवशी शेड काढून घरातील जुनी सोलापुरी चादर चौपदरी करून अंथरली, तर तिच्याखाली 61 अंश भरले. चादर उजेड पूर्ण अडवते, पण उष्णता गाडीतच राहते. चंदेरी शेड काचेपाशीच ऊन परत फेकते. चादरीच्या घडीवरचा किरमिजी रंग महिनाभरात उतरला आणि सौ. नी ती परत मागून घेतली, त्यामुळे तो प्रयोग तेथेच संपला.

दिवाळीच्या साफसफाईत सर्व भाग साबणाच्या पाण्याने पुसले आणि पूर्ण कोरडे होऊ दिले. शेडखाली राहिलेला, औषध न लावलेला चौकोन आणि पुठ्ठ्याखालचा चौकोन यांत मला फरक सांगता येईना. रंग किती उतरला ते मोजायच्या करड्या पट्ट्यांच्या ग्रे स्केलवर फार तर अर्धी पायरी. याउलट डावा कोपरा, ज्यावर सहा महिने नेमाने औषध लावले होते, तो आणखी पांढरा पडलेला होता आणि बोटाला पुन्हा भुकटी लागत होती. ‘यूव्ही संरक्षण’ या शब्दांबद्दल माझे मत त्या सकाळी बदलले ते बदललेच. तरीही बाटली टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही: नितळ, चमकरहित रूप येते, धूळ बसत नाही आणि त्या 1,800 रुपयांच्या तुकतुकीपेक्षा ती हजार पटींनी सुरक्षित आहे.

व्हिडिओ पाहून गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने रंग परत आणण्याचा प्रयत्न कोणी करू नये. मी ग्लोव्ह बॉक्सच्या आतील कडेवर करून पाहिला. रंग गडद झाला खरा, पण प्लास्टिकवरची बारीक दाणेदार नक्षी वितळून रुपयाएवढा गुळगुळीत डाग कायमचा पडला. डॅशबोर्डवर चिकटवायची जाड मॅट मी मुद्दाम घेतली नाही, कारण डावीकडे एअरबॅगचे झाकण आहे आणि त्याला उघडायला मोकळी जागा हवी. बाजूच्या काचांना काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी घातली होती, म्हणून तो मार्गही घेतला नाही. चीर तशीच आहे. तिच्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याइतका मी हौशी नाही.

सध्या शेड दोन्ही सन-व्हायझर खाली ओढून त्यांच्याखाली अडकवतो आणि डावे टोक कागदांना लावायच्या काळ्या चिमट्याने धरतो. हा उपाय एप्रिलमध्येच सुचायला हवा होता. बाटलीत अजून एक तृतीयांश द्रव शिल्लक आहे. पैसे दिलेले असल्यामुळे तो संपेपर्यंत लावीन, दुसरी बाटली आणणार नाही. मूर्ती नव्या टेपने पुन्हा बसवली आहे, त्या वर्तुळाच्या दोन बोटे उजवीकडे, म्हणजे पुढच्या जानेवारीतील गड्ड्याच्या (सिद्धरामेश्वरांच्या) यात्रेपर्यंत जुने वर्तुळ किती उतरते ते पाहता येईल.