मागचे ब्रेक ‘बदलून’ मिळाले, आवाज मात्र तसाच: जुनी एमजीबी असणाऱ्यांसाठी

इंग्लंडात आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण हल्ली जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या नादी लागलेत. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स शून्य, आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर दरवर्षीच्या एमओटी तपासणीची सक्तीही नाही. ऐकायला छान वाटतं. पण वर्षातून एकदा कुणीतरी तिऱ्हाईत माणूस गाडीखाली डोकं घालून बघायचा, ते यामुळे बंद झालं. ब्रेकचं काय झालंय ते गॅरेजवाला सांगेल तेच खरं. माझे ७४० पौंड याच फटीतून गेले, आणि त्यावर आणखी हजार-अकराशे जायचे थोडक्यात राहिले.

गाडी १९७३ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी. क्रोमचे बंपर, तारांची चाकं, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे दहा इंची ड्रम. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे जवळपास प्रत्येक सुटा भाग आजही नवाकोरा मिळतो. ‘पार्ट मिळत नाहीत हो’ असं रडगाणं या गाडीच्या बाबतीत कुणी गायला लागला, तर तिथूनच परत फिरावं.

तक्रार अशी होती: सिग्नलला ब्रेक दाबला की मागून डावीकडून ‘टक्’. हिरवा झाला, क्लच सोडला, की पुन्हा ‘टक्’. मागे घेऊन ब्रेक मारला तर हमखास. किंचाळणं नाही, खरखर नाही, चालत्या गाडीत गुणगुणही नाही.

गॅरेज जुन्या गाड्यांत मुरलेलं म्हणून नावाजलेलं. भिंतीवर जुने बिल्ले, कोपऱ्यात अर्धी उघडलेली जॅग्वार, हातात चहाचा मग. मालकाने माझ्या गाडीचं इतकं कौतुक केलं की आमच्या सौ. लाही ती सुंदर वाटायला लागली. मात्र गाडी चालवून बघायची तसदी काही त्याने घेतली नाही. आवाजाचं वर्णन ऐकलं आणि निकाल दिला: मागचे शूज (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी), त्यांना ढकलणारे दोन्ही व्हील सिलिंडर, दोन्ही ड्रम, सगळं गेलंय. पैसे बँकेतून थेट पाठवले तर थोडी सूट. बिलावर एकच ओळ होती, ‘मागचे ब्रेक संपूर्ण नवीन’. जुने भाग मागितले तर म्हणे भंगारात गेले.

ड्रम काळेभोर चमकत होते. आवाज होता तिथेच होता.

परत गेलो तेव्हा उत्तर तयार होतं: नवे शूज बसायला वेळ लागतो, पाच-सहाशे मैल चालवा. शूजवरचं नवं अस्तर ड्रमला नीट बसेपर्यंत ब्रेक थोडा कमी धरतो, हे खरंच आहे. पण त्याने ‘टक्’ असा आवाज येत नाही. मैल झाले, आवाज थोडा वाढलाच. मग निदान बदललं. आता दोष डिफरन्शियलचा (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा), मागचा ॲक्सल उतरवावा लागेल, ११०० पौंड, त्यातले २०० आगाऊ. हे जास्त धूर्त होतं, कारण यात अर्धं सत्य आहे. एमजीबीच्या डिफरन्शियलमधल्या थ्रस्ट वॉशर झिजतात आणि गाडी दणका देते, हे या गाडीच्या कुठल्याही मालकाला ठाऊक असतं. घरी येऊन वाचलं तर गॅरेजवाल्याच्या बोलण्याला दुजोराच मिळत होता. आगाऊ रक्कम तेवढी कार्डाने भरली होती, ते पुढे उपयोगी पडलं.

गणपतीच्या कार्यक्रमात हे रडगाणं मंडळातल्या एका काकांच्या कानावर गेलं. काका साठच्या दशकात इकडे आले, बर्मिंगहॅमच्या बाजूला कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. पुढच्या रविवारी डबा आणि पान्यांचा संच घेऊन दारात हजर.

“काका, ते म्हणतात डिफरन्शियल...”

“अरे, ते काय म्हणतात ते राहू दे. गाडी उचल आधी. आणि नुसत्या जॅकवर नको, स्टँड लाव.”

मागचा भाग स्टँडवर घेतला, पुढच्या चाकांना अडण लावली, हँडब्रेक करकचून ओढला. या गाडीत हँडब्रेक मागच्याच ड्रमना धरतो. आता ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जागच्या जागी घट्ट. डिफरन्शियल कितीही ढिलं असो, त्याचा इथे संबंधच उरत नाही. काकांनी डाव्या चाकाची रिम दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवली. टक्. टक्. ड्रम तसूभर हलत नव्हता आणि रिम दोन-तीन मिलिमीटर फिरत होती.

“ऐकलंस? ब्रेकचा नाही, चाकाचा आवाज आहे हा.”

तारांचं चाक बोल्टांनी बसत नाही. हबवर उभे दाते असतात, तसेच चाकाच्या आत. ते एकमेकांत बसतात आणि मधल्या एका मोठ्या नटाने चाक दाबून धरलं जातं. तांब्याच्या हातोडीने तो नट सोडवून चाक काढलं. दात्यांचा माथा सपाट असायला हवा. आमचे झिजून करवतीसारखे टोकदार झाले होते. ग्रीसचा पत्ता नाही, नुसती कोरडी तांबडी भुकटी. ब्रेक हबला धरतो, चाकाला नाही. दाते पूर्ण गेले की पॅडल टणक लागतं, ड्रम थांबतो आणि चाक त्यावरून खुशाल फिरत राहतं. म्हणजे या माणसाने मला ब्रेक नवे झाल्याचं सांगून, ज्या चाकाला उद्या ब्रेकच लागला नसता त्या चाकावर पाचशे मैल पळवलं. पैशांपेक्षा मला राग आहे तो याचा.

फसवणूक मात्र पुढे उघडी पडली. तारांच्या चाकाच्या एमजीबीत ड्रम चार नटांनी धरलेला असतो. चारही नटांवर काळा रंग जाड थापलेला होता आणि नटावरून ड्रमवर सलग उतरला होता. कुठेही पान्याचा ओरखडा नाही. ‘बसवल्यावर रंगवले’ असं कुणीही म्हणू शकेल, म्हणून काकांनी पाना लावायच्या आधी जवळून फोटो काढायला लावले. मग नट फिरवला. रंग तडकला आणि खालून जुना, खोल गंज निघाला. आत ड्रमच्या कडेला वर्षानुवर्षं घासून पडलेली कंगोऱ्याची रेघ होती, सिलिंडरची रबरी टोपणं भेगाळलेली होती. शूजना मात्र अजून पुरेसं अस्तर होतं. बदललं काहीच नव्हतं, आणि शूज-ड्रम बदलायची गरजही नव्हती. दोन्ही बाजूंना रंगाचा डबा तेवढा फिरला होता. (जुन्या शूजच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, हवेचा पाइपही नको. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.)

आवाजाचं शास्त्र काकांनी चहा पिता पिता सांगितलं, ते इथे देतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर अस्तर संपलंय, गाडी उभी करा. ब्रेक न लावताही येणारी आणि वेगाबरोबर चढणारी गुणगुण ही बेअरिंगची किंवा टायरची. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की येणारा दणका डिफरन्शियलचा किंवा प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा. ब्रेक लावताना एकदा आणि निघताना एकदा असा ‘टक्’ येत असेल तर आधी चाकाचा नट, मग दाते, मग पाट्याच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट. हे सगळं बघायला एक सकाळ पुरते आणि खर्च शून्य. म्हणून गॅरेजवाल्याला एकच विनंती करा: आवाज कुठून येतो ते माझ्यासमोर हलवून दाखव. माझ्या त्या ‘तज्ज्ञा’ने चाकाला हातसुद्धा लावला नव्हता.

उपाय साधा होता. डावा हब आणि डावं चाक दोन्ही एकदम नवीन, कारण झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर तेही खराब होतं. सिलिंडर दोन्हीकडचे बदलून घेतले. दात्यांना ग्रीस लावलं. आवाज गेला. गाडी सोपवण्याआधी मी आता ड्रमच्या नटांवर सौ.च्या नेलपॉलिशचा अर्धा ठिपका नटावर आणि अर्धा ड्रमवर असा देतो, फोटो काढतो, आणि जुने भाग परत हवेत हे कामाच्या कागदावर लिहून घेतो. सक्ती नसली तरी एमओटीही करून घेतो, तीही कौन्सिलच्या केंद्रात. तिथे दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे खोटा दोष काढून त्यांचा काही फायदा नसतो.

पैशांचं म्हणाल तर क्रेडिट कार्डाने भरलेले २०० परत आले. शंभर पौंडांवरच्या खरेदीत कार्ड कंपनीही कायद्याने जबाबदार असते. बँकेतून पाठवलेल्या ७४०साठी फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जोडून पत्र दिलं. त्यात २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याचा हवाला दिला आणि चौदा दिवसांत पैसे आले नाहीत तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाईन असं लिहिलं. तिथे दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे चालतात आणि वकील लागत नाही. तेराव्या दिवशी ६५० जमा झाले. उरलेले ९० ‘तपासणी शुल्क’ म्हणून कापलेत. कसली तपासणी, असं विचारणारी मेल पाठवली आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.