मांजर गेल्यावर: भिंतीवर फोटो की अंगणात झाड?

घरातली मांजर गेली की पहिले काही दिवस कुणी काही बोलत नाही. मग हळूहळू विषय निघतो, तिची काहीतरी आठवण ठेवायला हवी. बहुतेक घरांचं घोडं अडतं ते फोटो लावायचा की झाड, यावर. आमच्या चिंगीसाठी आम्ही दोन्ही केलं, म्हणून जे अनुभवलं ते सांगतो.

फोटोचं पहिलं सुख म्हणजे तो चेहरा देतो. झाड काही चेहरा देत नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर हे फार मोलाचं आहे. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो छापायला देऊ नका, ज्याच्या मोबाइलमध्ये तो काढला त्याच्याकडून मूळ फोटो मागवा. आमची चिंगी तिरंगी होती, पाठीवर काळं, कानामागे केशरी आणि पोट पांढरंशुभ्र. पहिल्या छपाईत तिचं केशरी चक्क तपकिरी आलं. दुकानदार म्हणाला, एवढं कोण बघतं? आम्ही बघतो, म्हणून पुन्हा छापून घेतला.

तो फोटो हॉलमध्ये आजोबांच्या तसबिरीशेजारी लावला आणि तिथूनच खरा त्रास सुरू झाला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अरे, ही कुणाची मांजर?" आई सांगायची, आमचीच, गेली. मग कशानं गेली, किती वर्षांची होती, डॉक्टरांकडे नेलं नव्हतं का, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "जाऊ द्या, दुसरं पिल्लू आणा." गॅसवाला, बिल्डिंगचे सेक्रेटरी, हळदीकुंकवाच्या बायका, सगळ्यांपुढे आईला तेच. किडनीचा आजार, सलाइन, शेवटची रात्र, सगळं पहिल्यापासून. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मान्यच. पण चहाचा ट्रे हातात धरून, समोरचा "मांजरच ना" म्हणेल का या धास्तीनं बोलणारी आई मला बघवेना. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीवर लागला. फोटो आता मुलीच्या टेबलावर आहे. तिथे त्याला कुणी काही विचारत नाही.

झाडाचं तसं नाही. चिंगीला माझ्या काकांच्या अंगणात पुरलं होतं आणि पाऊस धरल्यावर तिथे पारिजातक लावला. नाशिकच्या गंगापूर रोडच्या रोपवाटिकांमध्ये फिरताना सोनचाफाही मनात होता, पण पारिजातकाचं फूल पांढरं आणि देठ केशरी, म्हणजे चिंगीचेच रंग. हे मुलीनं दाखवलं आणि निर्णय झाला. फुलं संध्याकाळी उमलतात आणि पहाटेपर्यंत खाली पडलेली असतात. जमिनीवर पडलेली असूनही ती देवाला चालतात, त्यामुळे काकू रोज परडी भरून नेते. शेजारीपाजारी फुलं मागायला येतात आणि बोलणं फुलांचंच होतं. ज्याला माहीत आहे, तो झाडाजवळ क्षणभर थांबतो. कुणाला काही सांगावं लागत नाही.

झाडाला कष्ट आहेत, हे लपवत नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही. पुरताना खड्डा चांगला तीनेक फूट खोल हवा, नाहीतर कुत्री उकरतात. प्लॅस्टिकची पिशवी नको, साधं सुती कापड पुरे. आणि जुनी माणसं खड्ड्यात मीठ घालायला सांगतील, पण तिथेच झाड लावायचं असेल तर घालू नका, मिठानं मुळं जळतात. घरात दुसरी मांजर असेल तर सुंदर दिसते म्हणून लिलीही लावू नका, तिच्यानं मांजरांच्या किडन्या निकामी होतात.

काही घरांना मात्र मी फोटोच सुचवेन. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं परक्या जमिनीत जीव गुंतवू नये, घर बदललं की झाड मागे राहतं. कुंडीतला पारिजातक जगतो, पण मनासारखा फोफावत नाही असा माझा अनुभव आहे. तसंच सराफ बाजार, भांडी बाजाराकडच्या सखल वाड्यांत राहणाऱ्यांनी ऑगस्ट 2019 चा गोदावरीचा पूर आठवावा. जिथे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला, म्हणजे नाशिककर ज्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेतात तिला, पाणी लागलं की सामान माडीवर चढवावं लागतं, तिथल्या अंगणात पुरणं मला तरी बरं वाटत नाही.

पण गावाकडे, भावाकडे, मळ्यात कुठेही आपली म्हणावी अशी वावभर जागा असेल, तर माझं मत झाडालाच. फोटोही जरूर छापा, फक्त तो हॉलमध्ये लावू नका. आतल्या खोलीत लावा, जिथे घरचीच माणसं जातात.