सोन्याच्या शोधासाठी ड्रिलिंग: आरसी घ्यावे की कोअर, आणि नमुन्याचा कस कसा लावावा?

सोन्याच्या क्षेत्रावर ड्रिलिंग ठरवायची वेळ आली की चर्चा लगेच मीटरच्या दरावर येते. आरसी, म्हणजे रिव्हर्स सर्क्युलेशन (खडकाचा चुरा हवेने वर आणणारी पद्धत), स्वस्त पडते. डायमंड कोअर, म्हणजे हिऱ्याच्या बिटने खडकाचा सलग दंडगोल काढणे, साधारण दोन ते चार पट महाग पडते. मग आरसीच करू, असे ठरून जाते. पण भोक पाडून हाती येतो तो नमुना, आणि नमुना चुकला तर स्वस्तात पाडलेले मीटर सगळ्यात महाग ठरतात. म्हणून दर विचारण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: सोने बारीक आहे की कणीदार, भूजल किती खोलीवर लागते, आणि या टप्प्यावर नेमके काय कळायला हवे आहे. ‘इथे सोने आहे का’ आणि ‘किती टन, कोणत्या प्रतीचे (टनामागे किती ग्रॅम सोने), कोणत्या आकारात’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची यंत्रेही वेगळी आहेत.

तीन पद्धती एका नजरेत

| | एअरकोअर | आरसी | डायमंड कोअर (एनक्यू आकार) |
|---|---|---|---|
| भोकाचा व्यास | ७५–९० मिमी | १३०–१४५ मिमी | ७५.७ मिमी (कोअर ४७.६ मिमी) |
| एका मीटरमधला माल | मऊ थरात सुमारे १० किलो | ताज्या खडकात सुमारे ४० किलो | सुमारे ४.८ किलो |
| प्रयोगशाळेकडे जाणारा भाग | २–३ किलो | २–३ किलो | अर्धा कोअर, सुमारे २.४ किलो |
| एका पाळीतले काम | २०० मीटरच्या आसपास किंवा जास्त | १००–२०० मीटर | २०–४० मीटर |
| कुठे अडते | कठीण खडक लागताच | पाण्याचा दाब वाढला की | तुटक्या, चिकण थरात कोअर हरवतो |

एअरकोअरबद्दल थोडक्यात. पात्यांच्या बिटने (कापणाऱ्या टोकाने) मऊ, कुजलेला थर कापत जायचे आणि ताजा खडक लागला की थांबायचे. जांभ्याखाली किंवा मातीखाली दडलेल्या मोठ्या क्षेत्रात सोन्याचा माग काढायला याच्याइतके किफायती काही नाही. तळातला शेवटचा नमुना बहुमूलद्रव्य तपासणीसाठी वेगळा ठेवावा, कारण खालचा मूळ खडक कोणता हे तोच सांगतो. मात्र कुजलेल्या थरात सोने आडवे पसरलेले असते. त्यामुळे एअरकोअरचे आकडे दिशा दाखवायला वापरावेत, साठा मोजायला नाही.

आरसी: कोरडे असेल तर उत्तम

आरसीत दुहेरी भिंतीच्या रॉडच्या बाहेरच्या पोकळीतून दाबाची हवा खाली जाते, हॅमर खडक फोडतो आणि चुरा बिटच्या तोंडातूनच आतल्या नळीत शिरून वर येतो. भोकाच्या भिंतीला तो घासत नाही, हाच या पद्धतीचा मोठा गुण. वर सायक्लोनमध्ये (हवा आणि चुरा वेगळे करणारे भांडे) हवा निघून जाते आणि माल स्प्लिटरवर (तो ठरल्या प्रमाणात वाटणारे साधन) पडतो. १४० मिमीच्या भोकात एका मीटरला, खडकाची घनता २.७ धरली तर, जवळजवळ ४२ किलो माल निघतो. त्यातून २.५ किलो पिशवीत जातो, म्हणजे सुमारे सहा टक्के. बहुतेक गडबड याच पायरीवर होते.

कोन स्प्लिटर पाणसळ लावून सपाट बसवलाच पाहिजे. तो थोडा जरी कलला तर एका बाजूला सतत जास्त माल पडतो आणि जड कण कुठे जातील याचा भरवसा राहत नाही. रोज पहिल्या रॉडआधी पाणसळ तपासावी. मूळ नमुना आणि जोडनमुना (त्याच मीटरचा दुसरा नमुना) अशा दोन्ही पिशव्यांचे वजन करावे आणि शक्य तिथे मोठ्या पिशवीचेही. कुजलेल्या थरात २८–३० किलो आणि ताज्या खडकात ४० किलो अपेक्षित असताना अचानक २० किलो आले, तर बारीक धूळ उडून गेली, माल भोकात अडकला किंवा पोकळी लागली. बारीक सोने धुळीबरोबर जाते, म्हणून हे वजन नमुन्याच्या क्रमांकाइतकेच महत्त्वाचे.

खरा शत्रू पाणी. दहा मीटर पाण्याचा स्तंभ सुमारे १४.५ पीएसआय (दाबाचे एकक) इतका दाब देतो. भूजल पातळीच्या खाली २०० मीटर गेलात की भोकातले पाणी बाहेर ठेवायलाच २९० पीएसआय लागतात. ३५० पीएसआयच्या कॉम्प्रेसरकडे मग हॅमर चालवायला काय उरणार? म्हणून बूस्टर (हवेचा दाब वाढवणारे यंत्र) आणि जोड कॉम्प्रेसर करारात आधीच लिहून घ्यावेत. भोक ओले झाल्यावर मागवायला गेलात तर तोवर नमुने बिघडलेले असतात.

ओल्या नमुन्यात दोन बिघाड एकदम होतात. बारीक सोने पाण्याबरोबर वाहून जाते आणि चिकणमाती सायक्लोनला चिकटून पुढच्या मीटरात पडते. आकड्यांत याची खूण ओळखता येते. एका मीटरला १२ ग्रॅम, पुढे ५, मग २, मग ०.९ अशी हळूहळू उतरणारी शेपटी दिसली, तर खडकात इतके सोने नसून वरचा माल खाली वाहत आला असण्याची शक्यता मोठी. दुसरी खूण दर सहा मीटरला येणारा उंचवटा. रॉड बदलताना हवा बंद असते, तेव्हा भिंत ढासळते आणि पाणी आत शिरते. प्रत्येक नमुना रॉडच्या कितव्या मीटरातला आहे हे नोंदवून त्या क्रमाने सरासरी काढली की हे लगेच उघडे पडते. उपाय म्हणजे रॉड जोडल्यावर बिट तळापासून उचलून भोक स्वच्छ फुंकून घ्यायचे, मगच कापायला सुरुवात करायची, आणि सायक्लोन दर रॉडला साफ करायचा. एवढे करूनही सलग दोन-तीन मीटर ओले आले, तर आरसी तिथेच थांबवून पुढे कोअर घ्यावा. ‘अजून वीसच मीटर राहिलेत’ हा मोह इथे आवरलाच पाहिजे.

पहिल्या फेरीत चार मीटरचा मिश्र नमुना काढायची पद्धत आहे. पैसे वाचतात, पण एका मीटरच्या शिरेत २ ग्रॅम असेल तर मिश्र नमुन्यात ०.५ ग्रॅमच दिसतो. त्यामुळे एकेक मीटरचे नमुने पुन्हा पाठवायची मर्यादा टनामागे ०.१ ते ०.२ ग्रॅम अशी खाली ठेवावी.

कोअर: फक्त त्यातच मिळणारी माहिती, आणि त्याचे गैरसमज

शीर कोणत्या कोनात आहे, सोने शिरेत आहे की बाजूच्या खडकात, सल्फाइड कोणते, खडक किती भक्कम, घनता किती: हे चुऱ्यावरून कळत नाही. साठ्याचा आराखडा काढायचा असेल तर कोअरला पर्याय नाही. घनतेचेच घ्या. प्रत्यक्षात २.४ असताना २.७ धरली, तर टनांचा आकडा १२.५ टक्क्यांनी फुगतो, आणि ही चूक प्रयोगशाळेच्या कुठल्याही तपासणीत पकडली जात नाही. कोअरचा तुकडा हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढावी, आणि सच्छिद्र तुकड्याला आधी मेणाचा लेप द्यावा.

पण कोअर म्हणजे आपोआप अचूक नमुना, ही समजूत चुकीची आहे. एनक्यूचा अर्धा कोअर २.४ किलोचा आणि तो जेमतेम ४.८ किलो खडकातून आलेला. आरसीत तेवढाच नमुना ४० किलोंतून येतो. सोने कणीदार असेल तर कोरड्या भोकातला, नीट विभागलेला आरसी नमुना प्रतीच्या बाबतीत अधिक विश्वासाचा ठरू शकतो. अशा ठिकाणी कोअर घ्यायचाच तर एचक्यू घ्यावा. त्याचा कोअर ६३.५ मिमीचा, मीटरला सुमारे ८.५ किलो.

दुसरा धोका हरवलेल्या कोअरचा. सोने बहुधा कातर पट्ट्यात (खडक सरकून चिरडलेला भाग), चिकणमातीत, फुटलेल्या गारेत (क्वार्ट्झ) असते आणि कोअर नेमका तिथेच वाहून जातो. ३ मीटरच्या रनमध्ये (एका वेळी कापलेली लांबी) २.१ मीटर हाती आला तर प्राप्ती ७० टक्के. पण गेलेला ०.९ मीटर गारेचा होता की बाजूच्या खडकाचा, हे कोणी सांगू शकत नाही. ट्रिपल ट्यूब (कोअर सांभाळणारी आतली तिसरी नळी), दीड मीटर किंवा त्याहून लहान रन, योग्य पॉलिमर आणि मोठा व्यास, या चार गोष्टी अशा पट्ट्यापुरत्या तरी आग्रहाने मागाव्यात. ड्रिलरला मीटरमागे बोनस असेल तर तो प्राप्तीशी जोडावा, नाहीतर घाई ठरलेली.

कापणीची रेषा अशी आखावी की शीर दोन्ही अर्ध्यांत सारखी वाटली जाईल, आणि प्रयोगशाळेकडे नेहमी एकाच बाजूचा अर्धा जावा. ‘जास्त चमकणारा’ अर्धा निवडला की आकडे वर सरकतात. नमुन्याची लांबी ०.३ ते १.२ मीटर ठेवून खडकाच्या सीमेवर तोडावी. शीर आणि बाजूचा खडक एका पिशवीत घालू नये.

दोन्ही मिळून

बऱ्याच क्षेत्रांत सर्वात समजदार मार्ग म्हणजे वरचा भाग आरसीने आणि अपेक्षित पट्ट्याच्या ३०–४० मीटर आधीपासून कोअर. मध्ये अंतर ठेवायचे कारण आरसी भोक वळते. दिशेत २ अंशांची चूक ३०० मीटरवर सुमारे साडेदहा मीटरची होते आणि पट्टा ठरल्या जागी सापडत नाही. मॅग्नेटाइट असलेल्या खडकात भोकाची दिशा मोजणारा चुंबकीय सर्व्हे फसतो, तिथे गायरोच (चुंबकत्वावर न चालणारे दिशामापक) हवा. शिवाय काही आरसी भोकांच्या शेजारी, पाच मीटरच्या आत, कोअरची जुळी भोके घ्यावीत. त्यांची तुलना मीटरला मीटर लावून करू नये. पूर्ण पट्ट्याची जाडी आणि सरासरी प्रत ताडून पाहावी. आरसीचा पट्टा दरवेळी जास्त जाड निघत असेल, तर वर सांगितलेल्या शेपटीचा संशय घ्यावा.

कस: ३० ग्रॅम पुरतील का?

समजा, अर्धा मिलिमीटर व्यासाचा एकच सोन्याचा कण आहे. त्याचे वजन सुमारे १.२६ मिलिग्रॅम. तो चाचणीला घेतलेल्या ३० ग्रॅम पुडीत आला तर टनामागे ४२ ग्रॅम दिसतील, ५० ग्रॅममध्ये आला तर २५, ५०० ग्रॅममध्ये २.५. आणि तो ज्या २.५ किलोच्या नमुन्यात होता, त्याची खरी प्रत जेमतेम ०.५ ग्रॅम. कण चाचणीत आलाच नाही तर शून्य. सोने मऊ असल्याने दळताना ते फुटत नाही, चपटे होते. त्यामुळे नमुना ८५ टक्के ७५ मायक्रॉनखाली दळला तरी मोठे कण तसेच उरतात.

बारीक सोन्याला ५० ग्रॅमचा फायर अ‍ॅसे अजूनही पक्का. पूड मुर्दाडशिंग, सोडा, टाकणखार आणि सिलिका यांच्याबरोबर १,००० ते १,१०० अंश सेल्सिअसला मुशीत वितळवतात. शिसे सोने गोळा करून तळाशी बसते, क्यूपेलमध्ये (सच्छिद्र वाटीत) शिसे शोषले जाते आणि मणी उरतो. सल्फाइड जास्त असेल तर मिश्रण बदलावे लागते, नाहीतर शिशाची गोळी नीट बनत नाही आणि आकडा कमी येतो. म्हणून अशा नमुन्यांची प्रयोगशाळेला आधी सूचना द्यावी.

कणीदार सोन्याला स्क्रीन फायर अ‍ॅसे. त्यात साधारण एक किलो पूड ७५ किंवा १०६ मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात, वर राहिलेला सगळा भाग तपासतात, खालच्या भागाच्या दोन चाचण्या करतात आणि वजनानुसार सरासरी काढतात. महाग आहे, म्हणून दृश्य सोने असलेले आणि उच्च प्रतीचे नमुनेच द्यावेत. फोटॉनअ‍ॅसे हा नवा पर्याय. यात सुमारे ५०० ग्रॅम भरडलेला माल क्ष-किरणांनी मारून काही मिनिटांत मोजतात. माल नष्ट होत नाही, त्यामुळे तोच डबा पुन्हा मोजता येतो. शोधमर्यादा मात्र फायर अ‍ॅसेपेक्षा वरची असते. प्रत मोजायच्या भोकांसाठी तो फार उपयोगी. पहिल्या टप्प्यात दहा-वीस पीपीबीची (अब्जात दहा-वीस भाग) छटा शोधायची असेल तर नाही.

कोणती पद्धत घ्यावी हे ठरवायला एक छोटी तपासणी पुरते. चाळीस-पन्नास उच्च प्रतीचे नमुने ५० ग्रॅम फायर अ‍ॅसे आणि स्क्रीन, दोन्ही पद्धतींनी करून पाहावेत. स्क्रीनमध्ये चाळणीवर राहिलेल्या भागातच बहुतेक सोने सापडले, तर उत्तर मिळाले.

नियंत्रण नमुने

दर २० नमुन्यांत किमान एक प्रमाणित नमुना (ज्याची प्रत आधीच माहीत आहे), एक कोरा (सोने नसलेला) आणि एक जोडनमुना घालावा. कोरा पूड स्वरूपात नको. तो भरड दगडाचाच द्यावा म्हणजे भरडणीतली मिसळ दिसेल, आणि मुद्दाम दृश्य सोन्याच्या नमुन्यामागे ठेवावा. प्रमाणित नमुना तीन प्रमाण विचलनांबाहेर गेला तर तो गट पुन्हा तपासायला लावावा. निकाल आल्यावर महिन्याने हे पाहण्यात अर्थ नाही.

राखलेला अर्धा कोअर का जपायचा, याचे उत्तर बुसांगमध्ये आहे. इंडोनेशियातल्या त्या क्षेत्रावर कॅनडाच्या ब्रे-एक्सने जवळजवळ सगळा कोअर चुरून तपासणीला पाठवला होता, त्यामुळे पडताळायला फारसे काही उरलेच नव्हते. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे १९९७ मध्ये स्वतंत्र ड्रिलिंग आणि तपासणीतून उघड झाले.

प्रगती अहवालात काय पाहावे

‘८,००० मीटर पूर्ण’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ड्रिल केलेले मीटर, नमुने घेतलेले मीटर, प्रयोगशाळेत पोचलेले नमुने, आलेले निकाल आणि नियंत्रणात पास झालेले निकाल, असे पाच आकडे शेजारी शेजारी मागावेत. पहिला आणि पाचवा यांच्यातली दरी वाढत असेल, तर यंत्र आंधळेपणाने पुढे चालले आहे. पुढची भोके आधीच्या निकालांशिवाय आखली जात आहेत. अशा वेळी एक यंत्र थांबवून प्रयोगशाळेची रांग संपू देणे परवडते.

आकडा वाचताना जाडी भोकातली की खरी, हे विचारावे. भोक पट्ट्याला ३० अंशांत छेदत असेल तर भोकातले १० मीटर म्हणजे प्रत्यक्षात ५ मीटर. ‘१० मीटरला ५ ग्रॅम’ असे लिहिलेले असेल तर त्यात एका मीटरला ४६ आणि उरलेल्या नऊ मीटरला सरासरी ०.४४ ग्रॅम आहे का, तेही पाहावे. तसे असेल तर तो दहा मीटरचा पट्टा नसून एक मीटरची शीर आहे, आणि पुढची भोके तिच्या कोनाप्रमाणे, कोअर घेऊनच आखावी लागतील.