इंदूरचं जर्सी छापणारं दुकान: चार स्टार, आणि पाचवा का नाही ते

कापड चांगलं, छपाई पक्की, भाव वाजवी, पण दिलेली तारीख पाळत नाहीत. घाईत असाल तर एवढं वाचून निघालात तरी चालेल, पण ज्यांच्या घरी दर आयपीएलला जर्सीवरून रडारड होते त्यांनी पूर्ण वाचा, मला दुकानाबरोबर त्या रडारडीबद्दलही बोलायचंय.

दुकान राजवाड्याजवळ, खजुरी बाजारातून आत गेलं की एका गल्लीत आहे. नाव लिहीत नाही कारण काकांनीच नको म्हटलं, सीझनला आहे तेच काम त्यांना उरकत नाही, पण तिथे जाऊन टूर्नामेंटची जर्सी छापणारे काका कुठे बसतात असं विचारलं की कोणीही हात करून दाखवतं. पुढे काउंटर, मागे हीट प्रेस, माळ्यावर शिलाई मशिनी, आणि डिझाइन काकांची मुलगी करते कॉम्प्युटरवर, फार हुशार मुलगी आहे. शाळांचे स्पोर्ट्स डे, गणेश मंडळांचे टी-शर्ट, रंगपंचमीच्या गेरचे (म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे) टी-शर्ट, बॉक्स क्रिकेटच्या टीमा, हेच सगळं त्यांचं मुख्य काम.

आम्ही कॉलनीतल्या बायका पहिल्यांदा गेलो ते महिला वर्ल्ड कपसाठी. १९ ऑक्टोबर २०२५, होळकर स्टेडियम, भारत विरुद्ध इंग्लंड, ऐन दिवाळीत, फराळाचं अर्धं सोडून सगळ्या जणी तयार. त्या वर्ल्ड कपची तिकिटं शंभर रुपयांपासून होती आणि मी तर म्हणते अख्ख्या स्पर्धेत आयसीसीने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, कारण ज्या बायका आयुष्यात कधी स्टेडियमच्या आत गेल्या नव्हत्या त्या मुलींना घेऊन आल्या. मग सगळ्यांनी एकसारखी जर्सी घालायची ठरलं आणि तिथे गाडी अडली. भारताची ओरिजिनल जर्सी २०२३ मध्ये आली तेव्हा खेळाडू घालतात तसली ४,९९९ ची होती, त्याखालची २,९९९, आणि अगदी साधी फॅन जर्सी ९९९. घरात चार माणसं असतील तर हिशेब तुम्हीच करा, साधी घेतली तरी शंभराच्या तिकिटाला हजाराची जर्सी.

आणि पैसे जमवून घेतली तरी ती किती दिवस 'आजची' राहणार हा माझा खरा प्रश्न आहे. टीमच्या छातीवर आधी सहारा होतं, मग स्टार, मग ओप्पो, मग २०१९ ला बायजूज, २०२३ ला ड्रीम इलेव्हन, मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन गेमांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हन गेलं, आशिया कपला टीम छातीवर कोणाचंच नाव नसताना खेळली, आणि ती स्पर्धा चालू असतानाच अपोलो टायर्सचा ५७९ कोटींचा करार झाला. कपडे बनवणारी कंपनीही तशीच बदलली, नायके गेली, एमपीएल आली, मध्ये थोडे दिवस किलर, मग आदिदास. क्रिकेट बोर्डाला प्रत्येक बदलाचे पैसे मिळाले, मिळू देत, पण घरातल्या पोराची जर्सी प्रत्येक वेळी जुनी झाली. पोरगा जर्सी घेतो ती टीम आपली आहे म्हणून, आणि विकणाऱ्याला हवं असतं की ती पुढच्या वर्षी आपली वाटू नये. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

काकांना आम्ही सरळ म्हटलं, इंडियाची जर्सी छापून द्या. काका म्हणाले, "ताई, निळी देतो, तिरंगा देतो, मागे नाव देतो, पण बोर्डाचा तारा छापणार नाही आणि कंपनीच्या तीन पट्ट्याही नाही, ते त्यांचं आहे." बाजारात बिनधास्त कॉपी मिळते, दोनशेला पण मिळते, त्यामुळे आमच्यातल्या दोघी-तिघींना राग आला, मला मात्र माणूस आवडला. मग त्यांची मुलगीच म्हणाली की छातीवर नुसतं 'इंदूर' टाकू या का, देवनागरीत, खाली बारीक तिरंगी रेघ. तेच केलं. पाठीवर ज्याची त्याची आवडती खेळाडू. सगळ्यात जास्त स्मृती मानधना निघाल्या, सांगलीची आहे म्हटल्यावर होणारच.

मॅच आपण हरलो, चार रनांनी, स्मृतीच्या ८८ आणि हरमनप्रीतच्या ७० नंतर हातातली मॅच गेली आणि येताना ऑटोत कोणी बोलत नव्हतं. पण पुढे २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपण वर्ल्ड कप जिंकलो तेव्हा कॉलनीत त्याच जर्सी बाहेर आल्या, आणि पुढच्या वर्षीही येतील, कारण त्यांच्यावर बदलण्यासारखं काही नाहीच.

आता भाच्याचं. इंदूरला आयपीएलची स्वतःची टीम नाही. २०११ ला कोची टस्कर्स दोन मॅच इथे खेळली आणि त्याच वर्षी ती टीमच बंद झाली. २०१७ आणि २०१८ ला किंग्ज इलेव्हन पंजाब इथे काही मॅच खेळायची, तेव्हा अर्धं शहर लाल घालून फिरत होतं, मग ते गेले, पुढे त्यांचं नावही पंजाब किंग्ज झालं. त्यामुळे आमच्याकडची मुलं टीमच्या मागे न जाता आपल्या गावच्या खेळाडूच्या मागे जातात, आणि खेळाडू तर दर लिलावात इकडून तिकडे. आवेश खानचंच बघा ना, बंगलोर, दिल्ली, लखनौ, राजस्थान, परत लखनौ. त्याचा पक्का फॅन असेल त्याच्या कपाटात इंद्रधनुष्य झालं असेल.

भाचा व्यंकटेश अय्यरवाला. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात कोलकात्याने त्याला २३.७५ कोटींना घेतलं तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते, लगेच जांभळी जर्सी, पाठीवर नाव, ऑनलाइन मागवली. साइज लहान आली आणि ज्या मोठ्या साइटवरून घेतली त्यांनी नाव छापलेला माल परत घेत नाही म्हणून हात वर केले, तरी पोरगा तसाच घट्ट घालून फिरायचा. मग २०२५ चा सीझन त्याला वाईट गेला, १४२ रन्स झाल्या, आणि शाळेत मुलं भाच्याला चिडवायला लागली, एक रन कितीला पडला रे, भागाकार करून दाखवायची. दहा-अकरा वर्षांची मुलं! आम्ही त्या वयात कोणाचा कव्हर ड्राइव्ह कसा यावरून भांडायचो, खेळाडूला पगार किती हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं. खेळाडूचा भाव टीव्हीवर हातोडा आपटून सांगायचा, त्याचाच शो करायचा, मग मुलं त्या माणसाला भावानेच मोजणार, त्यांचा काय दोष? आणि ऐकून कोण घेतं, तर ज्याने जर्सी घातलीय तो. एका वर्षाने कोलकात्याने त्याला सोडलं, डिसेंबरच्या लिलावात बंगलोरने ७ कोटींना घेतलं, म्हणजे आता तो बंगलोरचा कॅप्टन, आपल्याच इंदूरच्या रजत पाटीदारच्या हाताखाली. भाचा खूश, पण पहिला प्रश्न हाच, आत्या, आता लाल घ्यायची?

मी म्हटलं थांब, आणि त्याला काकांकडे घेऊन गेले. इंदूरचीच जर्सी केली, पुढे 'इंदूर', मागे 'व्यंकटेश'. काकांनी विचारलं नंबर कुठला, तर म्हणाला माझा वर्गातला रोल नंबर टाका. आता तो लिलावाच्या बातम्या बघतो पण घाबरून बघत नाही. पाटीदारने ३ जून २०२५ ला आयपीएल ट्रॉफी उचलली त्या रात्री राजवाड्यावर ही जर्सी असती तर काय मजा आली असती असं मला सारखं वाटतं.

कोणी म्हणेल की खेळात पैसा नकोच असं तुमचं म्हणणं आहे का. अजिबात नाही. आपल्या गावाचं क्रिकेटच पैशावर उभं राहिलंय, होळकर महाराजांनी सी. के. नायडूंना सैन्यात हुद्दा देऊन इथे आणलं, मुश्ताक अली इथलेच, आपले चंदू सरवटे, आणि डेनिस कॉम्प्टनसारखा इंग्लंडचा माणूस १९४५ च्या रणजी फायनलला होळकरांकडून खेळून नाबाद २४९ करून गेला. त्या टीमने चार वेळा रणजी जिंकली. खेळाडूला पैसा मिळालाच पाहिजे, आयुष्याची दहा-बारा वर्षंच कमवायची असतात त्यांना. पण महाराजांचा पैसा महाराजांच्या खिशातून जायचा, गावाने फक्त टाळ्या वाजवायच्या होत्या. आज २०२३ ते २०२७ चे आयपीएलचे मीडिया हक्क ४८,३९० कोटींना विकले जातात आणि तो पैसा शेवटी आपल्याकडूनच वसूल होतो, रिचार्जमध्ये, सबस्क्रिप्शनमध्ये, दर ओव्हरनंतरच्या जाहिरातीत, आणि आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. एवढं देणाऱ्या माणसाला निदान आपली टीम चार-पाच वर्षं ओळखता यावी एवढं तरी मिळायला नको?

असो, दुकानाकडे येते. कापड डॉट निट, पॉलिएस्टरचं, दोन-तीन जाडीत मिळतं. पांढरी किंवा फिकी करणार असाल तर सगळ्यात पातळ घेऊ नका, आरपार दिसतं. पूर्ण डिझाइनची करायची तर सब्लिमेशनच सांगा, त्यात आधी कागदावर छापून मग हीट प्रेसखाली रंग कापडात उतरवतात, त्यामुळे तो सोलून निघायचा प्रश्नच नाही, आमच्या जर्सी मशीनमध्ये कितीतरी वेळा धुतल्या, रंग तसाच. फक्त हे पॉलिएस्टरवरच होतं, कॉटनचा हट्ट धरला तर डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर चिकटवायची छपाई) करून देतात, त्याला वरून इस्त्री फिरवली की चिरा पडतात, उलटी करून करा. शिलाई डबल आहे. भाव दहाच्या वर नग असतील तर ३५० ला एक, एकच हवी असेल तर ५५०, नाव-नंबर त्यातच, बिल देतात न मागता.

एक स्टार कापलाय तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे तारीख. आमच्या जर्सी मॅचच्या आदल्या रात्री उशिरा मिळाल्या, त्यातल्या एकीवर स्पेलिंग चुकलेलं, काकांनी तिथल्या तिथे नवी करून दिली हे खरं पण सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. दुसरं जास्त महत्त्वाचं, बायकांचा कट त्यांच्याकडे तयार नसतो. पुरुषांचाच साचा, खांदे मोठे, कमरेला तंग. आम्ही अडून बसलो तेव्हा वेगळा कापून दिला पण नगामागे ५० जास्त लावले. काका, होळकरवर त्या दिवशी किती मुली होत्या ते बघितलं असतं तर तुम्ही स्वतःच साचा केला असता. हे त्यांना तोंडावर सांगून आलेय, मुलीने मान डोलावली, काका हसले, बघू आता.

जाणार असाल तर आयपीएल सुरू व्हायच्या निदान तीन आठवडे आधी जा, नावं कागदावर स्वच्छ लिहून न्या, एक सॅम्पल घालून बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर पक्की करू नका, आणि गाडी राजवाड्याला नेऊ नका, पार्किंग मिळणार नाही. रविवारी दुकान दुपारपर्यंतच असतं.